सोलापूरच्या उन्हाळ्यात एसीला स्मार्ट थर्मोस्टॅट लावताय? आधी खोली, मग मीटर, आणि अ‍ॅप सगळ्यात शेवटी

दर एप्रिलला तेच बघतोय. कुणीतरी स्मार्ट थर्मोस्टॅट, म्हणजे मोबाईलवरून एसी चालवणारा स्मार्ट डबा घेतं, त्याच संध्याकाळी भिंतीला चिकटवतं, ऑफिसमधून निघतानाच मोबाईलवरून एसी २० वर चालू करतं, घरी आल्यावर खोली कशी गारेगार मिळाली ते सगळ्यांना सांगतं, आणि जूनमध्ये बिल हातात आलं की म्हणतं "काय उपयोग नाही ओ याचा, उलट बिल वाढायलंय". वाढणारच की. आधी दोन तास चालायचा तो आता तीन तास चालायला लागला, कारण बटण खिशात आलं.

बहुतेकांचा क्रम उलटा होतो. डबा पहिल्या दिवशी लागतो, आणि खिडकीची फट, फिल्टर, मीटरचं रीडिंग हे सगळं नंतर, किंवा कधीच नाही. म्हणून खाली जो क्रम दिलाय तो तसाच धरा. मधले टप्पे गाळून थेट सहाव्यावर उडी मारली तर पैसे वाचणार नाहीत, फक्त अ‍ॅप वापरल्याचं समाधान मिळेल.

टप्पा १: तुमचा एसी कुठला, आणि त्याला नेमकं काय लागतं

पहिली गडबड खरेदीतच होते. "स्मार्ट थर्मोस्टॅट" म्हणून ऑनलाइन जे गोल चकचकीत डबे दिसतात ते बहुतेक अमेरिकेतल्या घरांसाठी असतात. तिथे अख्ख्या घराला एकच डक्टवाली सिस्टिम असते आणि भिंतीतून २४ व्होल्टच्या बारीक कंट्रोल वायरी आलेल्या असतात, त्या वायरींना तो डबा जोडतात. आपल्या स्प्लिट एसीला तशी वायरच नसते. आमच्या गल्लीतल्या एका काकांना भाच्याने हौसेने तिकडून आणून दिला, दोन वर्षं शोकेसमध्ये आहे, घड्याळ म्हणूनसुद्धा चालत नाही.

⚠ थांबा: असला डबा "वायर तर दोनच आहेत, बघू जोडून" म्हणून २३० व्होल्टला जोडायचा नाही. डबा जळेल, आणि हात तिथे असेल तर त्याहून वाईट होईल.

आपल्याकडे हेच काम दोन वस्तू मिळून करतात. एक स्मार्ट आयआर रिमोट, ज्याला दुकानात आयआर ब्लास्टर म्हणतात, तो एसीच्या रिमोटसारखेच सिग्नल मारतो. दुसरा खोलीचं तापमान आणि दमटपणा मोजणारा छोटा सेन्सर. काही ब्लास्टरमध्ये सेन्सर आतच असतो पण वेगळा असलेला बरा, का ते टप्पा ४ मध्ये येईल. तुमच्या एसीला मुळातच वायफाय असेल तर ब्लास्टर लागत नाही, फक्त सेन्सर घ्या, तोसुद्धा एसीच्या अ‍ॅपशी बोलू शकेल असा. घेण्याआधी एसीचं मॅन्युअल काढून बघा, बऱ्याच जणांच्या एसीत वायफाय असतं आणि त्यांना पत्ताच नसतो.

आता एसी इन्व्हर्टर आहे का साधा, हे बघून ठेवा. पुढचा सगळा हिशोब यावर आहे. साध्या एसीचा कॉम्प्रेसर एकतर पूर्ण चालतो नाहीतर पूर्ण बंद होतो. इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर खोली थंड झाली की वेग कमी करून हळू चालत राहतो. साध्याला चालू-बंद करून वाचवता येतं, इन्व्हर्टरला सारखं चालू-बंद केलं तर दर वेळी तो परत जोर लावून सुरू होतो आणि त्याचा फायदाच जातो. इन्व्हर्टरला तापमान वरखाली करून वाचवायचं, बंद करून नाही.

तपासा: आउटडोअरवरच्या किंवा इनडोअरच्या बाजूच्या स्टिकरवर मॉडेल नंबर, टन आणि स्टार लिहिलेले असतात. त्याचा फोटो काढून ठेवा, अ‍ॅपला एसी जोडताना लागतो. स्टार लेबलवर वर्षाची जी युनिटं छापलेली असतात ती वर्षाला १६०० तास वापर धरून काढलेली असतात, त्यामुळे तो आकडा आणि तुमचं बिल जुळलं नाही म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.

टप्पा २: खोली आवळा (इथेच निम्मं काम आहे)

हा टप्पा सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो म्हणून मी मुद्दाम जास्त लिहितोय.

सोलापुरात मे महिन्यात बाहेर ४२-४३ असतं आणि ऊन संध्याकाळी सहापर्यंत पश्चिमेच्या भिंतीला धरून असतं. वरच्या मजल्यावर असाल तर स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री बारा-एकपर्यंत ती उष्णता खाली सोडत बसतो. म्हणजे तुमचा एसी हवा थंड करत नसतो, स्लॅब थंड करत असतो. थर्मोस्टॅट कितीही हुशार असू दे, तापलेल्या स्लॅबपुढे त्याचं काही चालत नाही.

त्यामुळे आधी गच्चीवर जा. पांढरा चुना मारला तरी खाली फरक कळतो, हीट रिफ्लेक्टिव्ह पांढरा पेंट मारला तर तो जास्त टिकतो पण महाग पडतो. हिरवी शेडनेट बांधणार असाल तर स्लॅबला चिकटवून टाकायची नाही, डोक्याच्या उंचीवर ताणून बांधायची म्हणजे खालून हवा खेळते. पत्र्याचं घर असेल तर आधी आतून फॉल्स सीलिंग किंवा थर्माकोलचं काहीतरी करा आणि मगच एसीचा विचार करा, नुसत्या पत्र्याखाली एसी लावणं म्हणजे चाळणीत पाणी भरणं आहे.

मग खिडक्या. पश्चिमेची काच आतून पडदा लावून वाचत नाही, कारण ऊन काचेतून आत येऊन गेलेलं असतं आणि पडदाच तापून खोलीत उष्णता सोडतो. बाहेरून अडवा. बांबूची चिक, वाळ्याचा पडदा, काहीच नसेल तर खिडकीबाहेरच्या ग्रिलला एक जुनी चादर बांधा, सोलापुरात घराघरात एखादी तरी विरलेली चादर निघतेच.

स्लायडिंग खिडकीच्या ट्रॅकमध्ये फट असते, तिला फोमची चिकटपट्टी मारा, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. दाराखालची फट टॉवेल गुंडाळून बंद करा. आणि एसीचा तांब्याचा पाइप भिंतीतून बाहेर जातो ते भोक बघाच, बसवणाऱ्याने तिथे पांढरी पुट्टी नीट भरलेली नसते, माझ्याकडे तर त्या भोकातून चिमणीने घरटं करायला काड्या आत ढकलल्या होत्या.

शेवटी एसी स्वतः. मार्च ते जूनमध्ये आपल्याकडे इतकी धूळ असते की फिल्टर पंधरा दिवसांतून एकदा धुवावाच लागतो, महिन्यातून एकदा म्हणणारी पुस्तकं दुसऱ्या गावासाठी लिहिलेली आहेत. साध्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, ओला परत बसवू नका. आउटडोअर युनिटवर सावली असावी पण त्याला कोंडू नका. मागे निदान वीतभर जागा पाहिजे आणि पुढे काहीच अडवलेलं नको. वर पत्रा टाकताना तिन्ही बाजूंनी बंद करणारे लोक मी बघितलेत, मग ते युनिट स्वतःचीच गरम हवा परत ओढत बसतं आणि जास्त वीज खातं.

तपासा: रात्री खोलीचा दिवा बंद करून बाहेरच्या पॅसेजचा दिवा लावा. दाराच्या, खिडकीच्या कडेने जिथून उजेड आत येतो तिथून गार हवा बाहेर जाते.

टप्पा ३: काही बदलण्याआधी मीटर वाचा

आता डबा, म्हणजे ब्लास्टर, आला असेल तरी खोक्यातच राहू दे, अजून पाच रात्री. या पाच रात्री तुम्ही नेहमीसारखाच एसी वापरायचा आणि फक्त मोजायचं.

रात्री एसी लावताना मीटरच्या स्क्रीनचा फोटो काढा, सकाळी बंद केल्यावर परत काढा. स्क्रीनवर आकडे फिरत असतात, ज्याच्यापुढे केडब्ल्यूएच लिहिलेलं असतं तोच घ्यायचा, ते म्हणजे युनिट. दोन्हीची वजाबाकी करा. त्यात फ्रीज, पंखे, राउटर हे पण आले, म्हणून एक रात्र एसी न लावता मोजा (गच्चीवर झोपा, मजा येते) आणि ती युनिटं वजा करा. समजा एसीच्या रात्री ८.६ युनिट पडली आणि बिनएसीच्या रात्री १.५, तर एसीने ७.१ खाल्ली. हा तुमचा सुरुवातीचा आकडा. तो आत्ता वहीत लिहा, नंतर आठवत नाही.

अजून एक युक्ती आहे, मला फार आवडते. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि बाजूला एका युनिटला किती वेळा लुकलुकणार तो आकडा छापलेला असतो, माझ्या मीटरवर ३२०० आहे, तुमचा बघून घ्या. एसी चालू असताना मोबाईलवर एक मिनिट लावून लुकलुक मोजा. ८५ वेळा झाली तर ८५ गुणिले ६० भागिले ३२००, म्हणजे साधारण १.६ किलोवॅट आत्ता घरात ओढला जातोय. एसी बंद करून परत मोजा, फरक म्हणजे एसी. दीड टनाचा साधा एसी कॉम्प्रेसर चालू असताना दीड ते पावणेदोन किलोवॅटच्या आसपास ओढतो. इन्व्हर्टर खोली गार झाल्यावर त्याच्या निम्म्याहूनही खाली यायला पाहिजे. एक-दीड तासानंतरही तो खाली येत नसेल तर खोली गळतेय, किंवा गॅस कमी आहे, किंवा एसी खोलीला लहान पडतोय. यातलं काहीच स्मार्ट डब्याने सुटत नाही, आधी मेकॅनिक बोलवा.

बिलाबद्दल एक गैरसमज इथेच काढतो. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटला टप्पे आहेत. लोकांना वाटतं ३०१ वं युनिट पडलं की सगळंच बिल वरच्या दराने येतं. तसं नाही, वरची जेवढी युनिटं तेवढीच महाग लागतात. पण गंमत अशी की एसीची युनिटं नेहमी वरच्याच टप्प्यात पडतात, फ्रीज-पंखे खालचे टप्पे आधीच खाऊन बसलेले असतात, म्हणून एसीचं वाचलेलं प्रत्येक युनिट तुमच्या सगळ्यात महाग दराने वाचतं.

टप्पा ४: सेन्सर कुठे ठेवायचा

एसीच्या आत स्वतःचा सेन्सर असतो पण तो वर, छताजवळ, परत येणारी हवा मोजतो. तुम्ही झोपता खाली. दोन्हीकडे एक-दोन डिग्रीचा फरक सहज पडतो, म्हणून वेगळा सेन्सर घ्या म्हणालो.

मी पहिल्या वर्षी सेन्सर टीव्हीच्या वर ठेवला होता, दिसायला छान दिसत होता. टीव्ही आणि सेट टॉप बॉक्सची ऊब त्याला लागत राहिली, तो रात्रभर ३० दाखवत राहिला, आणि "२६ च्या खाली गेल्यावर बंद" हा माझा नियम एकदाही चालला नाही. आम्ही पांघरूण घेऊन कुडकुडत होतो आणि एसी आपला चालूच. महिन्याने लक्षात आलं.

आतल्या भिंतीवर लावा, म्हणजे जिच्या पलीकडे ऊन नाही अशी भिंत. उंची पलंगावर बसल्यावर खांद्याला येईल एवढी. एसीचा झोत थेट नको, खिडकीजवळ नको, दारामागे नको, फ्रीज-टीव्ही-राउटरजवळ नको, आणि पडद्यामागे तर अजिबात नको.

तपासा: जागा ठरल्यावर लगेच चिकटवू नका. एक रात्र दोन जागी ठेवून बघा, उशाशी आणि ठरलेल्या जागी. फरक एका डिग्रीच्या आत असेल तर चिकटवा.

टप्पा ५: जोडणी

हा भाग सोपा आहे, पटकन सांगतो. हे डबे बहुतेक २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतात. राउटर २.४ आणि ५ असे दोन्ही बँड एकाच नावाने देत असेल तर जोडताना ५ चा बँड थोडा वेळ बंद ठेवा, ऐंशी टक्के "कनेक्टच होईना" तक्रारी इथे मिटतात असा माझा अनुभव. ब्लास्टर एसीच्या समोर, मध्ये कपाट-पडदा न येता ठेवा, आयआर भिंतीतून जात नाही.

अ‍ॅपमध्ये कंपनी निवडली की चार-पाच रिमोट कोड येतात. पहिल्या कोडने एसी चालू झाला म्हणून थांबू नका. प्रत्येक कोडने चार गोष्टी करून बघा: चालू, बंद, २७ डिग्री, आणि पंख्याचा वेग. अर्धवट जुळणारा कोड चालू-बंद करतो पण तापमान भलतंच पाठवतो, आणि ते तुम्हाला बिल आल्यावर कळतं.

⚠ थांबा: ब्लास्टरऐवजी साधा स्मार्ट प्लग लावून एसीची लाईनच चालू-बंद करायची आयडिया कुणी देत असेल तर ऐकू नका. कॉम्प्रेसर भर चालताना वीज तुटते, परत आल्यावर सगळेच एसी आपोआप चालू होत नाहीत, आणि १० अँपिअरचा स्वस्त प्लग तर एसीच्या लोडने वितळतो. एसीला वेगळा एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग हे आधीच असलं पाहिजे, नसेल तर आज इलेक्ट्रिशियनला फोन करा, डबा राहू दे.

अजून एक. ब्लास्टर फक्त बोलतो, ऐकत नाही. कुणी मूळ रिमोटने एसी बंद केला तर अ‍ॅपला ते कळत नाही, तो "चालू" दाखवत राहतो. म्हणून घरात एकच नियम करा. आमच्याकडे मूळ रिमोट कपाटात गेलाय, आणि अ‍ॅप न वापरणाऱ्यांसाठी ब्लास्टरच्या अ‍ॅपमधलीच एक मोठी बटणं असलेली स्क्रीन जुन्या मोबाईलवर कायम उघडी ठेवलीय.

टप्पा ६: आकडा ठरवणं

१ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे रूम एसी चालू केल्यावर २४ वर यावेत असा नियम आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो म्हणजे बीईईचा हिशोब असा की एक डिग्री वर नेली की साधारण ६ टक्के वीज वाचते. २४ वरून २७ म्हणजे साधारण १७ टक्के. वरचं ७.१ युनिटचं उदाहरण धरलं तर रात्रीला १.२ युनिट, महिन्याला ३६. नुसता आकडा बदलून, बाकी काही न करता.

पण एकदम २७ वर जाऊ नका. घरात बंड होतं. १८ वर लावायचं आणि वर दोन सोलापुरी चादरी घेऊन झोपायचं ही सवय एका रात्रीत जात नाही. पहिले तीन दिवस २५, मग तीन दिवस २६, मग २७, आणि छताचा पंखा कायम चालू, मध्यम वेगावर. पंख्याच्या वाऱ्याने अंगाला दोन-तीन डिग्री कमीच वाटतं, आणि जुना पंखा ७०-७५ वॅट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा, असेल तर ३० च्या आसपास, म्हणजे एसीच्या मानाने काहीच नाही. आमच्या उन्हाळ्यात हवा कोरडी असते हा आपला फायदा आहे, मुंबईत २७ ला घाम येतो, इथे येत नाही.

१८ वर लावल्याने खोली लवकर गार होते हा दुसरा हट्टी गैरसमज. साधा एसी १८ लावा नाहीतर २६, कॉम्प्रेसर त्याच ताकदीने चालतो, फक्त १८ वर थांबायचं नाव घेत नाही.

मोड "कूल" ठेवा. "ऑटो" म्हणजे एसी स्वतः ठरवतो आणि तुमच्या अ‍ॅपच्या नियमांशी त्याची मारामारी होते.

टप्पा ७: रात्रीचं वेळापत्रक

आता शेड्यूल. आमचं मे महिन्याचं असं आहे, वरच्या मजल्यावरची खोली, चार माणसं:

रात्री ९:३० ला एसी बंदच, खिडक्या उघड्या, पंखा जोरात. हे लोकांना पटत नाही पण थर्मामीटर लावून बघा, साडेनऊला बाहेरची हवा वरच्या मजल्याच्या खोलीपेक्षा गार असते. दिवसभर कोंडलेली ३५-३६ ची हवा अर्ध्या तासात फुकट बाहेर जाते, ती एसीने थंड करायला पैसे लागतात. १० ला खिडक्या बंद. १०:१५ ला एसी २५ वर, ब्लोअर जोरात. ११ ला २६. १ ला २७, कारण स्लॅब तोपर्यंत थोडा निवलेला असतो आणि झोपेत अंगाला गारवा कमी लागतो. ४:३० ला बंद, पंखा चालू. पाचच्या सुमाराला जो कोणी उठतो तो खिडकी उघडतो, बाहेर त्यावेळी २५-२७ असतं, तेवढं पुरतं.

साधा एसी असेल आणि सेन्सरवर चालू-बंद करणार असाल तर दोन आकड्यांमध्ये अंतर ठेवा. "२८ च्या वर गेलं की चालू, २६ च्या खाली गेलं की बंद" असं. दोन्हीकडे २७ च लिहिलं तर एसी दर दोन मिनिटाला चालू-बंद व्हायला लागतो. एसीच्या आत साधारण तीन मिनिटांचा डिले असतो म्हणून कॉम्प्रेसर लगेच मरत नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नका, अ‍ॅपमध्ये बंद झाल्यावर निदान पाच मिनिटं थांबायची अट टाका. इन्व्हर्टरवाल्यांनी हा परिच्छेद सोडून द्या, तुमच्यासाठी वरचं वेळापत्रकच.

दुपारचं विचाराल तर दुपारी एसीची सगळ्यात जास्त फजिती होते, बाहेर ४२ असताना आउटडोअरला उष्णता फेकायला जास्त जोर लावावा लागतो, तेवढ्याच गारव्याला जास्त वीज जाते. मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी कूलर एसीच्या तोडीस तोड काम करतो, तोही दोनशे वॅटच्या आसपास. पाणी काही दिवसाआड येतं हे मान्य, त्यामुळे कूलर दिवसभर नाही, १ ते ४ एवढाच. फक्त एक करू नका, कूलर आणि एसी एकाच खोलीत एकाच वेळी. कूलर हवेत पाणी घालतो, एसी तेच पाणी काढत बसतो आणि दोन्हीचं बिल तुम्ही भरता. अ‍ॅपमध्ये दमटपणाचा आकडा दिसतो, कूलर बंद करून खिडक्या उघडून तो खाली आल्यावरच एसी लावा.

बिलावर टीओडीची (टाइम ऑफ डे, म्हणजे तासाप्रमाणे वेगळा दर) ओळ असेल, म्हणजे नवा स्मार्ट मीटर बसलेला असेल, तर कुठल्या तासाला दर कमी आहे ते तिथेच बघा आणि वेळापत्रक त्याप्रमाणे सरकवा.

टप्पा ८: "घरात कोणी नसेल तर बंद"

या फीचरवर लोक फार खूश असतात, मोबाईल घरापासून लांब गेला की एसी आपोआप बंद. मीही होतो. मग एका दुपारी मी आणि बायको दोघं बाहेर, दोघांचे फोन लांब, सिस्टिमच्या मते घर रिकामं, आणि आई आतल्या खोलीत झोपलेली. तिच्याकडे बटणांचा फोन, तो कशालाच जोडलेला नाही. आम्ही आलो तर ती ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसलेली आणि म्हणते, "लाईट गेली वाटतं".

⚠ थांबा: घरात म्हातारी माणसं, लहान मूल किंवा आजारी कोणी असेल तर त्यांच्या खोलीला हा नियम लावायचाच नाही. तिथे वीज वाचवायची नाही.

बाकीच्यांसाठी मोबाईलच्या लोकेशनपेक्षा दाराला लावायचा छोटा सेन्सर बरा. दार किंवा खिडकी पाच मिनिटांपेक्षा जास्त उघडी राहिली तर एसी बंद, एवढा एकच नियम. पोरं दार उघडं टाकून जातात त्यावर याच्यासारखा दुसरा उपाय मला तरी सापडला नाही, ओरडून झालंय.

आणि लांबून आधीच चालू करायची सवय लागली असेल तर पंधरा मिनिटं आधी, त्याहून जास्त नाही. होटगी रोडला सिग्नलवर उभं राहून तासभर आधी चालू करणाऱ्यांसाठीच हा लेख सुरू केला होता.

टप्पा ९: लाईट जाते तेव्हा

मे मध्ये वळवाचा पाऊस आला की वारा सुटतो आणि लाईट जाते, हे धरूनच चालायचं. लाईट परत आली की आपोआप चालू होणारा एसी असेल तर तो काही सेकंदात जागा होतो, राउटरला दोन-तीन मिनिटं लागतात, आणि ४:३० चा "बंद" नेमका त्या वेळात आला तर तो हुकतो. एसी मग सकाळी आठपर्यंत चालू.

यावर दोन गोष्टी करा. राउटरला छोटा यूपीएस लावा, बारा व्होल्टचा मिळतो. आणि ४:३० चा "बंद" ४:४५ ला आणि ५ ला परत पाठवा, तीन वेळा. बंद असलेल्याला बंद म्हटल्याने काही बिघडत नाही. ज्यांच्या एसीचं पॉवर बटण चालू-बंदला एकच सिग्नल मारतं त्यांनी मात्र हे करू नका, दुसऱ्या वेळी तो परत चालू होईल. टप्पा ५ मध्ये कोड तपासताना "बंद" लागोपाठ दोनदा दाबून बघा, तिथेच कळतं.

तपासा: एका संध्याकाळी एसी चालू असताना मुद्दाम मेन स्विच पाडा, पाच मिनिटांनी चालू करा, आणि काय काय आपोआप चालू होतं ते बघा. वळवाच्या रात्री तीन वाजता हे शिकण्यापेक्षा बरं.

टप्पा १०: परत मीटर, आणि मग पाऊस

दहा दिवस झाले की टप्पा ३ सारखंच पाच रात्री मोजा. तुलना करताना रात्री सारख्या पाहिजेत, ४३ च्या दिवसानंतरची रात्र आणि वळीव पडून गेलेली रात्र एकमेकींशी लावू नका, वहीत त्या दिवसाचं कमाल तापमान पण लिहा. आकडा हलला नसेल तर अ‍ॅप उघडायचं नाही, परत टप्पा २ ला जायचं. दहातल्या आठ घरांत चूक तिथेच सापडते, राहिलेल्या दोनमध्ये सेन्सर टीव्हीवर असतो.

जूनमध्ये पाऊस लागला की हे सगळं वेळापत्रक बदला. हवा दमट होते, कूलर बंद पडतो, आणि २७ वर चिकचिक वाटायला लागते म्हणून लोक परत २२ वर जातात. तसं न करता सेन्सरवर दमटपणा ७० च्या वर दिसला तर "ड्राय" मोड लावा, तापमान २६. मे मध्ये एसीच्या पाइपखाली ठेवलेली बादली तळाला पण येत नाही, जूनमध्ये ती भरून वाहते, तेव्हा ड्रेन पाइप आत्ताच फुंकून साफ करून घ्या, नाहीतर पाणी भिंतीवरून उतरतं. ऑक्टोबर हीटसाठी टप्पा ७ चं वेळापत्रक "मे" नावाने सेव्ह करून ठेवा, नोव्हेंबरला सेन्सरचे सेल काढा, आणि एसीचा एमसीबी खाली करा.